अष्टमीला काढलेलं पाणी

कांचनबाई, जन्मात चांगलं असं काय केलंत, असं कुणी विचारलं असतं, तर गेल्या वर्षापर्यंत मी बेधडक सांगितलं असतं, सारस राखले. आता कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर मी विषय बदलते.

आमची क्यारी हरणीच्या पलीकडे, विमानतळाची भिंत संपली की दोन-तीन किलोमीटरवर. क्यारी म्हणजे भाताचं खाचर. चार पिढ्या बडोद्यात काढल्यावर खाचर हा शब्द आमच्या घरातून गेला आणि क्यारी राहिली. आजेसासरे संस्थानात मोजणी कारकून होते, त्यांनी घेतलेली ही जमीन. भावकीने आपापले तुकडे विकून कारेलीबागेत फ्लॅट घेतले. यांनी विकलं नाही. हे म्हणजे बाळकृष्ण, माझे यजमान. तीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर उभे राहिले, पण पाळी सुटली की सायकल आधी क्यारीकडे आणि मग घराकडे. घर तरी कुठे लांब होतं! क्यारीच्या वरच्या अंगाला दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी.

खालच्या अंगाला तलावडी, लहानसं तळं, आहे. होती म्हणायला हवं. तिथे दरवर्षी सारसांची जोडी यायची. माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी अंगाचा, डोकं आणि मान लालभडक. दोघं मिळून ओरडायला लागले की पडवीतली भांडी वाजायची. पाऊस लागला की ते आमच्या क्यारीत, ऐन उभ्या भातात, गवत आणि भाताची रोपं ओढून ढीग करायचे आणि त्यावर अंडी घालायचे. दोन बाजांएवढा भात त्यात जायचा. सासरे शिव्या घालायचे, पण हात लावायचे नाहीत. आमच्या घरचा नेम होता. घरट्याभोवतीचा भात कापायचा नाही, आणि पिल्लं चालायला लागेपर्यंत क्यारीचं पाणी काढायचं नाही. पाणी आहे तोवर कुत्री आत शिरत नाहीत. पाणी गेलं की त्या अंड्यांचं काही खरं नाही.

अकरा वर्षांपूर्वी मृदुलाताई आल्या. कारेलीबागेत राहतात, कॉलेजात शिकवायच्या. गळ्यात दुर्बीण, पायात बूट, आणि पहिल्याच दिवशी बांधावरून घसरून बसल्या चिखलात. मी हसले, त्याही हसल्या. जाताना मला एक लांबडी वही देऊन गेल्या. "कांचनताई, रोज बघता तसं रोज लिहा. किती पक्षी, घरटं कुठे, अंडी किती, कोण बसलंय. एवढंच." मी सातवीपर्यंत शिकलेली. लिहायला लागले. सारस जगातून कमी होत चाललेत, गुजरातेतही थोडेच उरलेत, हे त्यांनी मला सांगितलं. मला त्याआधी वाटायचं, आमच्याकडे आहेत म्हणजे सगळीकडे असतील. पुढे त्यांनी मला टाउनहॉलात बोलावून प्रमाणपत्र दिलं. ते घड्याळाच्या शेजारी टांगलं होतं. गावात मला 'सारसवाळां कांचनबेन' म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

गेल्या श्रावणात विश्वामित्रीला पूर आला. आमचा मुलगा तन्मय शहरात, समा भागात, तळमजल्यावर भाड्याने राहत होता. पाणी स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर गेलं. शेजारच्या गल्लीत मगर आली होती, लोक गच्चीवरून मोबाईलवर तिचे फोटो काढत होते. तन्मय ओवीला खांद्यावर घेऊन छातीएवढ्या पाण्यातून बाहेर आला. ओवी म्हणजे माझी नात, सहा वर्षांची. सूनबाई मितालीची शिकवणीची पुस्तकं, मशीन, गाद्या, सगळं चिखलात गेलं. त्याच पुरात सारसांचं पहिलं घरटंही वाहून गेलं. वहीत मी लिहिलं: 'घरटं गेलं. जोडी दिसली. अंडी नाहीत.'

मग आम्ही पाच माणसं दोन खोल्यांत. मितालीला उघड्या न्हाणीची सवय नव्हती. पडवीच्या कोपऱ्यात साडीचा आडपडदा लावून ती आंघोळ करायची, आणि यांना तेवढा वेळ बांधावर जाऊन उभं राहायला लागायचं. ती तोंडाने कधी काही बोलली नाही. भिजलेल्या भिंतींचा वास ओवीच्या छातीत गेला. झोपेत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. डॉक्टरांनी वाफेचं यंत्र दिलं आणि म्हणाले, ओल नसलेल्या जागी ठेवा पोरीला. ओल नसलेली जागा! खाली क्यारी, पलीकडे तलावडी, घरात ओल नाही अशी भिंत दाखवा.

पितृपंधरवड्यात सारसांनी दुसऱ्यांदा घरटं बांधलं. दोन अंडी. मला इतका आनंद झाला की मी चहाचं आधण गॅसवर तसंच ठेवून बघायला धावले.

त्याच आठवड्यात प्रतापसिंह आला. जमिनीची दलाली करणारा माणूस, पांढरी गाडी, बोलायला गोड. "केम छो कांचनबेन, बाळकृष्णभाई क्यां छे?" म्हणत पडवीत बसला. आजूबाजूची जमीन आमच्याआधीच फ्लॅटची स्कीम काढणाऱ्या शेठने घेतली होती. तलावडीही मातीने भरणार होते. मधोमध आमची क्यारी. क्यारी द्या, स्कीममध्ये दोन फ्लॅट घ्या, एक तुमचा, एक तन्मयभाईंचा, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसकट.

हे म्हणाले, "आणि सारस?"

प्रतापसिंहने पाय हलवला. "ए ज वात छे, तोच मुद्दा. तुमच्या मृदुलाबेनने वर अर्ज केलाय. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं पंचनाम्याला येणार. घरटं चालू निघालं तर या बाजूची भरणी अटकणार. शेठ थांबणार नाही. रस्ता पलीकडून काढील आणि तुमची जमीन स्कीमच्या बाहेर राहील. मग पन्नास वर्षं भात लावा." मग माझ्याकडे वळून विचारलं, "बेन, क्यारीचं पाणी क्यारे काढो छो?"

"कोजागरीनंतर," मी म्हटलं. "आणि घरट्यात पिल्लं असली तर तीही चालायला लागल्यावर."

"बस, अमस्तुं पुछ्युं," तो म्हणाला आणि चहा संपवून गेला.

मी त्याच्या पाठीमागे तोंड सोडलं. मेला, गोड बोलून विष पेरतो, उद्या म्हणेल अंडी तुम्हीच फोडून द्या. मिताली चुलीशी भाकरी थापत होती. ती पहिल्यांदाच बोलली. "आई, त्यांनी तसं काही म्हटलं नाही."

तन्मय रात्रपाळी करून आला होता, जेवता जेवता ताट बाजूला सारून म्हणाला, "आई, पक्ष्यांना घर आहे. ते दोनदा बांधतात, तू दोनदा वहीत लिहितेस. माझी पोर इथे श्वास घेत नाहीये. तिचं लिही एकदा."

ओवी कोपऱ्यात तोंडाला यंत्राचा मुखवटा लावून बसली होती, वाफ निघत होती, आणि त्या मुखवट्यावरून ती माझ्याकडेच बघत होती. त्या दिवसापासून सारसाकडे बघायला गेले की माझ्या कानात ती शिट्टी वाजायची.

आता नवरात्रातल्या अष्टमीचं सांगते. लपवून काही उपयोग नाही.

हे सकाळी ओवीला दवाखान्यात घेऊन गेले, मिताली बरोबर गेली. तन्मय झोपला होता. देवीला तेल वाहून मी क्यारीवर गेले. भात पोटरीतून बाहेर आला होता, लोंब्या वाकायला लागल्या होत्या, खाली घोट्याएवढं पाणी. बांधाच्या कोपऱ्यात मोरी आहे, जुन्या सिमेंटच्या नळीची. तिला पेंढा, गोणपाट आणि चिखलाचा बोळा मारलेला असतो. दरवर्षी तो मीच मारते आणि मीच काढते. पेंढा पिळायचा, गोणपाटात गुंडाळायचा, आत दाबायचा, वरून चिखल. ते काम माझ्या हाताचं आहे.

मी कासोटा खोचून पाण्यात उतरले. मनात म्हणत होते, बोळा सैल झालाय का बघावं. कुणाला फसवत होते? तिथे दुसरं कुणी नव्हतं. हात कोपरापर्यंत आत घातला, गोणपाटाचं टोक सापडलं, आणि मी ओढलं. पहिल्यांदा आलं नाही. मी दोन्ही पाय बांधाला लावून ओढलं. बोळा सुटला तशी मी मागे पाण्यात आपटले, आणि पाणी घळघळ करून तलावडीकडे पळायला लागलं. मी तशीच बसून राहिले. थंडगार पाणी पाठीवरून जात होतं आणि माझे कान तापले होते.

पन्नास पावलांवर सारसीण घरट्यावर बसलेली. तिने मान उंच करून बघितलं. मला ओळखायची ती. पुन्हा मान खाली घातली. दुसरा कुणी असता तर ती पंख फुगवून उठली असती.

दोन दिवसांत पाणी उतरलं. दसऱ्याच्या दिवशी क्यारीत नुसता चिखल होता, वर साय धरल्यासारखा. हे बघून आले आणि पडवीत पाय धुताना म्हणाले, "पाणी गेलं."

"बोळा सडला असेल," मी म्हटलं. "पूर येऊन गेला ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सोनं द्यायला शेजारी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्यांचा कालवा ऐकू आला. मी झाडू टाकून धावले. तीन कुत्री होती, क्यारीच्या मधोमध. सारस दोन्ही पंख पसरून त्यांच्या अंगावर जात होता, सारसीण घरट्यावर उभी राहून चोच मारत होती. मी ढेकळं मारली, ओरडले, चप्पल फेकून मारली. कुत्री पळाली. एकाच्या तोंडात काहीतरी होतं. घरट्यापर्यंत गेले तर एकच अंडं उरलेलं. दुसऱ्याचं कवच चिखलात, आणि त्यात जे होतं ते कुत्र्यांनी पुरतं खाल्लं नव्हतं. त्याला बोटं फुटली होती. मी ते बघितलंय. देवाशपथ सांगते, मला त्या दिवसापासून अंड्याचा वास सहन होत नाही.

मग माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. नवीन पेंढा पिळला, गोणपाट आणलं, मोरीला बोळा मारला. पण बोळ्याने पाणी परत येतं का? तलावडीची पातळी खाली गेलेली. कालव्याची पाळी आठ दिवसांवर. मी घागरीने पाणी आणायला लागले. हातपंपावरून क्यारीपर्यंत, डोक्यावर एक, कमरेवर एक. घरट्याभोवती ओतायची, चिखल ते पिऊन टाकायचा, मी पुन्हा जायची. दुपारपर्यंत बावीस खेपा झाल्या. मान मोडून आली, पायाला भेगा पडल्या. घरट्याभोवती हातभर रुंदीचं डबकं झालं, तेही संध्याकाळी आटलं. सारस बाजूला उभा राहून बघत होता.

हे बांधावर येऊन उभे राहिले. त्यांनी वाकून मोरीतल्या बोळ्याला हात लावला. मी पेंढा डावीकडून पिळते, गावातल्या सगळ्या बायका उजवीकडून. चाळीस वर्षं त्यांनी माझ्या हातचा पेंढा बघितलाय. जुना बोळाही तिथेच बांधापलीकडे पडला होता, सडलेला नाही, धडधाकट, ओढून काढलेला. त्यांनी तो पायाने तलावडीच्या बाजूला लोटून दिला.

"चल घरी," म्हणाले. "कमर जाईल तुझी."

"कुत्री येतील."

"मी बसतो."

आणि बसले. त्या दिवसापासून पंचनाम्यापर्यंत आम्ही पाळीपाळीने हातात काठी घेऊन बांधावर बसलो. मला काही विचारलं नाही. एक शिवी दिली असती, एक हात उगारला असता तरी मला बरं वाटलं असतं.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला माणसं आली. वनखात्याचा एक साहेब, एक शिपाई, मृदुलाताई, प्रतापसिंह, आणि मागे गावातली दहाबारा रिकामटेकडी. एवढी माणसं आणि मधे पाणी नाही, सगळे थेट घरट्यापर्यंत चालत गेले. सारसीण उठली. ती आणि सारस लांब जाऊन तलावडीच्या काठावर उभे राहिले. घरट्यात एक अंडं, आणि खाली वाळलेला चिखल.

मृदुलाताईंनी तोंडावर हात धरला. "पाणी? कांचनताई, पाणी कुठे गेलं?"

मी तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत हे म्हणाले, "मी काढलं. लवकरचं वाण होतं, लोंब्या आडव्या होतील म्हणून काढलं."

मृदुलाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. अकरा वर्षं आमच्याकडे पोहे खाल्लेली बाई. "बाळकृष्णराव, तुम्हाला माहीत होतं इथे अंडी आहेत."

"होतं," हे म्हणाले.

साहेब मध्ये पडला. आपल्या भाताचं पाणी काढणं हा काही गुन्हा नाही बेन, खेडूत काढणारच. मग घरट्याशी वाकून बघितलं, घड्याळ बघितलं, पलीकडे उभ्या असलेल्या जोडीकडे बघितलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. एवढी माणसं उभी असताना ती येणार कशी? साहेब म्हणाला, पाणी नथी, एक इंडुं गयुं छे, पक्षी बेसतुं नथी. सोडून दिलेलं घरटं दिसतंय. मृदुलाताई म्हणाल्या, असं वरवर बघून नाही सांगता येत, राखणदार इथे आहे, तिला विचारा, ती रोज लिहिते.

सगळे माझ्याकडे वळले. साहेबाने विचारलं, "कांचनबेन, आजे सवारे पक्षी बेठुं हतुं?"

आज सकाळी बसली होती का? सहा वाजता मी स्वतः बांधावर होते. ती बसली होती. चोचीने अंडं फिरवलं, पुन्हा बसली. पिसांवर दव होतं.

पडवीत मितालीने ओवीला कडेवर घेतलं होतं. तन्मय कामावर न जाता भिंतीला टेकून उभा होता. प्रतापसिंह मोबाईलमध्ये बघत होता, जणू त्याचा काही संबंधच नाही. हे जमिनीकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "दोन दिवस बसली नाही."

शिपायाने लिहिलं. साहेबाने माझी सही घेतली. मृदुलाताई माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी मला मिठी मारली, भर लोकांत. "तुम्ही तरी एकट्या काय करणार होतात," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. यांच्याकडे न बघता त्या गाडीत जाऊन बसल्या.

माणसं गेली. धूळ खाली बसली. मी बांधावरच उभी होते, हेही. अर्ध्या तासाने सारसीण तलावडीकडून निघाली. एक पाऊल टाकायची, थांबायची, मान वळवून बघायची. घरट्याशी आली, अंडं चोचीने फिरवलं, आणि पाय दुमडून बसली.

हे म्हणाले, "विळे धार लावून आणतो. परवापासून कापणी."

आम्ही चौघांनी भात कापला. तन्मयही उतरला, त्याला विळा धरता येत नाही, दोन बोटं कापून घेतली. घरट्याभोवतीचा भात ठेवला. प्रतापसिंह एकदा येऊन गेला. त्याने बसलेली सारसीण बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता हसला. त्याला मी म्हटलं, "भाई, आठ दिवस थांबव मातीच्या गाड्या. फक्त आठ." तो म्हणाला, "बेन, तमे ज लखी आप्युं छे ने के घरटं रिकामं छे. मग मी शेठला काय म्हणून थांबवू?" बरोबरच होतं त्याचं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी डंपर आले. पिवळी माती भरलेले, एकामागे एक सहा. तलावडीच्या बाजूने रिकामे व्हायला सुरुवात झाली. पहिल्या गाडीची माती पडली तसा जमिनीला हादरा बसला आणि सारसीण उठली. मी पडवीतून बघत होते. ती उठली आणि तिच्या पायाशी काहीतरी हललं. तपकिरी, कोंबडीच्या पिल्लाएवढं, ओलसर.

मला रडू आलं की हसू आलं, सांगता येणार नाही. मी "अहो, अहो" एवढंच ओरडत होते.

दोघं पिल्लाला मधे घेऊन निघाले. कापलेल्या भाताच्या खुंटांमधून. ते दोन पावलं चालायचं आणि तोंडावर पडायचं. सारस थांबायचा, सारसीण थांबायची. त्यांची वाट डंपरांच्या रस्त्यावरून होती, पलीकडच्या नाल्याकडे. चौथ्या डंपरचा ड्रायव्हर दाहोदकडचा कुणी आदिवासी माणूस होता. त्याने बघितलं, गाडी थांबवली, आणि इंजिन बंद केलं. मागचा हॉर्न द्यायला लागला तर खाली उतरून त्याच्याकडे हात केला. "जवा दे ने भाई, नानुं छे." जाऊ दे, लहान आहे, म्हणाला. मागचाही थांबला. मग त्याच्या मागचा. तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या. पाव तास लागला त्या पिल्लाला रस्ता ओलांडायला. त्या माणसाला कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं, वही दिली नव्हती. मी पदर तोंडात धरून उभी होते.

ओवी ओरडली, "आजी, एक! वहीत लिही, एक!"

मी लिहिलं नाही.

कसं लिहिणार? दोन दिवस बसली नाही म्हणून सही करून दिलेली. पिल्लू लिहिलं तर मी खोटं बोलले हे उघडंच. दिवाळी झाली, पाडवा झाला. क्यारी शेठला देऊन झाली, मातीने भरली. आम्ही तात्पुरते भाड्याच्या खोलीत गेलो, वरच्या मजल्यावर, शेठनेच दिली. ओवीची शिट्टी कमी झाली. ती निवांत झोपायची आणि मी जागी. वहीचं पान तसंच होतं. अकरा वर्षांत जगलेलं प्रत्येक पिल्लू त्या वहीत होतं आणि हे एकच नव्हतं. कुत्र्याच्या तोंडातून, माझ्या तोंडातून वाचलेलं हे एकच.

मार्गशीर्षात मृदुलाताईंचा फोन आला. सगळीकडच्या नोंदी एकत्र करून वर पाठवायच्या आहेत, वही घेऊन या. वर म्हणाल्या, "यंदा तुमच्याकडे शून्य, मला माहीत आहे. मनाला लावून घेऊ नका. आणि एक सांगते, बाळकृष्णरावांना बरोबर आणू नका. मला त्यांच्याशी बोलायला जमणार नाही."

हे शेजारीच बसले होते, त्यांना ऐकू गेलं. चपला घालून खाली निघून गेले.

मी वही घेतली, पेन घेतलं आणि तारीख टाकून लिहिलं: 'एक पिल्लू. चालत नाल्याकडे गेलं. जोडी बरोबर.' अक्षर वाकडं आलं. मग रिक्षा करून एकटी कारेलीबागेत गेले.

मृदुलाताईंनी चहा ठेवला, वही उघडली, शेवटचं पान वाचलं. त्यांचा चेहरा आधी उजळला. "अय्या, पिल्लू!" म्हणाल्या. मग त्यांनी तारीख बघितली. बोटाने मागे मोजत गेल्या, पंचनाम्याच्या दिवसापर्यंत.

"म्हणजे त्या दिवशी..."

"बसली होती," मी म्हटलं. "सकाळी सहाला मी बघितली होती."

गॅसवर चहा उतू गेला. त्या उठल्या नाहीत.

"आणि पाणी यांनी काढलं नाही. मी काढलं, अष्टमीला. यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. त्यांना बोलायचं असेल ते मला बोला."

त्यांनी वहीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "आता सांगून काय उपयोग? भरणी झाली. फ्लॅट तुमचा झाला. मग का आलात सांगायला?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. सगळं पदरात पडल्यावर मी खरं बोलायला आले होते. मी म्हटलं, "नाहीतर ते पिल्लू मोजलं गेलं नसतं."

त्यांनी गॅस बंद केला. वही कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. मला दुसरी वही दिली नाही, मी मागितली नाही. दारापर्यंत सोडायला आल्या. "बाळकृष्णरावांना नमस्कार सांगा," म्हणाल्या. मला काही म्हणाल्या नाहीत.

घरी येऊन मी यांना तेवढंच सांगितलं, ताईंनी नमस्कार सांगितलाय. हे पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून त्यांनी डोळे पुसले.

या आषाढात आम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलो, शेठने बाजूच्या जमिनीवर आधीच बांधायला घेतलेल्या पहिल्या इमारतीत. तिसरा मजला, कोरड्या भिंती, ओवीला स्वतःची खिडकी. मिताली पुढच्या खोलीत शिकवणी घेते, पोरांच्या चपला जिन्यापर्यंत येतात. सुखात आहेत सगळे. प्रमाणपत्र सामानात आलं, ते मी भिंतीला लावलं नाही.

पहिल्याच आठवड्यात सकाळी ओरडणं ऐकू आलं. मी गॅलरीत धावले. खाली, पार्किंगसाठी ठेवलेल्या पिवळ्या मातीवर, सारस उभे होते. आमच्या मोरीचा कोपरा जिथे असेल तिथे. एक जण मातीत चोच खुपसून बघत होता. वॉचमनने काठी आपटली तरी हलले नाहीत.

मी मोजले. दोन.

पुन्हा मोजले, आंब्याच्या आड बघितलं, कंपाउंडच्या बाहेर नाल्यापर्यंत नजर टाकली. दोनच. पिल्लू मोठं झालं की पुढच्या पावसाआधी आईबाप त्याला दूर करतात, असं मृदुलाताई एकदा म्हणाल्या होत्या. की ते मी दुसऱ्या कुठल्या पक्ष्याबद्दल ऐकलं होतं? नीट आठवत नाही. त्यांना विचारायला हवं. फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि पुन्हा ठेवून दिला.

ते अजून रोज येतात. मी रोज सकाळी गॅलरीत उभी राहते आणि मोजते. ओवी विचारते, आजी, किती? मी सांगते, दोन.